दुसरी पार्टी

“घर बघायला आलेत का पोरगी,” आत्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. “एवढा वेळ लागतोय व्हय?”

मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. दुसरं काही करायला जागा नव्हती. स्वयंपाकघराच्या मागची आमची गॅलरी दोन माणसं शेजारी उभी राहिली की संपायची. आज तिथं आम्हा दोघींशिवाय खरकट्या भांड्यांची पाटी होती, ओल्या धुण्याची बादली होती, मिक्सर होता, पिठाचा डबा होता, आणि माझ्या कडेवर गरम कुकर होता. कुकरची शिट्टी आत्यांच्या मुठीत होती. गॅसवरून उतरवलेला कुकर वाजत नाही हे दोघींनाही माहीत होतं, पण त्या दिवशी आमचा कशावरच विश्वास नव्हता.

दारापलीकडं एजंट मगदूम सांगत होता, “आणि हे किचन. बघा किती मोकळंय.”

मोकळं असणारच. सगळं किचन आमच्या अंगावर होतं.

पाहुण्या बाईनं आमच्या दाराकडं बोट केलं असावं, कारण मगदूम म्हणाला की ते स्टोअर आहे, किल्ली मालकांच्या भावाकडं पुण्यात असते. मग पावलं पुढच्या दाराकडं गेली, फाटक वाजलं, आणि माझ्या मिस्टरांनी दार उघडून आम्हाला बाहेर काढलं. आत्या पहिलं काय बोलल्या असतील तर, “कुंकवाशिवाय गेली ना ती बाई?”

ह्याला चौदा वर्षं झाली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. मिस्टरांना मी नावानं हाक मारत नाही, पण सांगताना सोपं जावं म्हणून इथं हणमंतराव म्हणते. गाव मिरज. घर रेल्वेच्या लोकांनी मिळून बांधलेल्या सोसायटीतलं, बसकं, तीन खोल्यांचं. सासरे, म्हणजे मामंजी, मालगाडीवर गार्ड होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या दारातून कुठलीही सवाष्ण कुंकू लावल्याशिवाय जायची नाही, मग ती लाइटबिलाचं विचारायला आलेली का असेना. मामंजी गेल्यावर आत्यांनी करंड्याला हात लावणं सोडलं, पण नियम सोडला नाही. त्या खुर्चीतून सांगायच्या, मी लावायची.

घर विकायचं ठरलं ते भांडून नव्हे. हणमंतराव दूध संघातून निवृत्त झाले. आमचा मुलगा कोल्हापुरात कामाला लागला होता, त्याच्याजवळ एका बेडरूमचा फ्लॅट बघितला होता. धाकटे दीर शहाजी भावजी पुण्यात दोन बेडरूममध्ये राहत होते आणि त्यांना तिसरी हवी होती. घर विकून दोघांनी वाटून घ्यायचं, असं दोघं भाऊ हसतखेळत बोलले. आत्यांनी सही केली. चहा झाला.

मग आवराआवरी निघाली. मालगाडीच्या डब्यावर तो कुठं जाणार ते खडूनं लिहितात. मामंजींच्या पेटीत अजून खडू होते. हणमंतरावांनी एक घेतला आणि घरभर फिरून सामानावर अक्षरं काढली. ‘को’ म्हणजे कोल्हापूर, ‘पु’ म्हणजे पुणे, ‘भं’ म्हणजे भंगार. कपाट को. शिलाई मशीन पु. पाटा भं, तो मी रात्रीतून पुसून को केला. दोन दिवसांत घरात अक्षर नसलेली वस्तू उरली नाही, एक सोडून. मधल्या खोलीतली आत्यांची लोखंडी कॉट. मामंजींनी रेल्वेच्या लिलावातून आणलेली, चार माणसांशिवाय न हलणारी. हणमंतराव खडू घेऊन तिच्यापाशी दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा त्यांना बाहेरचं काहीतरी काम आठवलं.

आमच्याकडं एक बेडरूम, त्यात लग्नाचा मुलगा. भावजींकडं दोन, त्यात एका पोरीची दहावी आणि एकीची बारावी, आणि तिसरी खोली होईपर्यंत दोन वर्षं जाणार. कारणं दोन्हीकडची खरी होती, तीच अडचण होती. खोटं कारण असतं तर कुणीतरी कुणाला बोललं असतं. भावजी फोनवर म्हणायचे, वहिनी, आईच्या मनात काय आहे तेवढं बघा की. हणमंतराव म्हणायचे, आधी शहाज्याच्या मनात काय आहे ते कळू दे. आणि आत्यांना थेट विचारावं, तर त्या सांगतील ही भीती. मी स्वतःला त्यातून वगळत नाही. मी त्या काळात एवढी भांडी घासली, की तशी लख्ख भांडी त्या घरानं आधी कधी बघितली नव्हती.

मगदूम पहिल्यांदा घर बघायला आला तेव्हा तो दारातच थबकला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलायला गोड. त्यानं हॉलमधला मामंजींचा हार घातलेला फोटो बघितला आणि म्हणाला की हे आधी काढा. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, घरात मेलेलं माणूस दिसता कामा नये. फोटो काढला तर त्यामागं भिंतीवर ओल निघाली, बरोबर मामंजींच्या आकाराची. मग तिथं बर्फाच्या डोंगरांचं चित्र लावलं. देवघराच्या फळीवरचं सामानही फार झालं, म्हणाला. तेव्हा आत्यांनी मामंजींचा फोटो आणि हळदीकुंकवाचा करंडा दोन्ही तांदळाच्या मोठ्या डब्यात घातले आणि वर झाकण लावलं. “तांदळात कीड लागत नाही,” म्हणाल्या. कीड तांदळाला लागत नाही की मामंजींना, ते काही कळलं नाही.

त्याच्या फर्माइशी संपेनात. गॅसची शेगडी आग्नेयेला हवी म्हणून ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथं नळी पोचत नव्हती, म्हणून दाखवताना शेगडी आग्नेयेला आणि स्वयंपाक करताना परत वायव्येला. शेजारच्या जैबूनचाचींचा नवा सोफा फक्त घर दाखवण्यापुरता आमच्याकडं यायचा आणि आमच्या उसवलेल्या खुर्च्या त्यांच्याकडं जायच्या. त्यामुळं एका सकाळी चाचींच्या जावयाकडचे पाहुणे आमच्या खुर्च्यांवर बसले आणि त्यांच्यातल्या एकाची पँट खिळ्याला अडकून फाटली. तेव्हापासून सोफ्याबरोबर चाची स्वतःही यायला लागल्या, सोफ्यावर कोण कसं बसतंय ते बघायला.

शेवटची फर्माइश मगदूमनं आवाज उतरवून सांगितली. घरात वयस्कर माणूस दिसलं, की पार्टीला शंका येते, घर वेळेवर मोकळं होईल का नाही. आणि बाईमाणूस दिसलं की पार्टी तिला विचारते, पाणी किती वेळ येतं, आणि बाईमाणूस खरं सांगतं. म्हणून दोघींनी दिसायचं नाही.

पहिल्या वेळी आम्ही गॅलरीत राहिलो ते सांगितलंच. पण उभं राहून आत्यांचे गुडघे धरले. मग असं ठरलं, की मी गॅलरीत आणि आत्यांनी चाचींच्या व्हरांड्यात बसायचं. पार्टी गेल्याचं त्यांना कळणार कसं? त्याचा तोडगा त्यांनीच काढला. मामंजींचे दोन झेंडे होते, लाल आणि हिरवा. चाचींच्या व्हरांड्यातून आमच्या अंगणातली तार दिसायची. पार्टी घरात असेल तर तारेवर लाल, गेली की हिरवा. गार्डाच्या बायकोला ह्यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही. दुसऱ्या वेळी ते अगदी टायमात झालं.

तिसऱ्या वेळी घोटाळा झाला, आणि तो माझ्यामुळं. हिरवा झेंडा पेटीत राहून राहून मळला होता. मी सकाळी तो धुतला आणि सवयीनं तारेवर वाळत घातला.

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी आणि त्यांची बायको हॉलमध्ये उभे होते. मगदूम बर्फाच्या डोंगरांपुढं उभा राहून भिंती किती कोरड्या आहेत ते सांगत होता. मी गॅलरीच्या दाराच्या फटीला डोळा लावून होते. तेवढ्यात पुढच्या दारातून आत्या आत आल्या. जरा बरं लुगडं, हातात छत्री, काखेत कापडी पिशवी. आत्यांनी व्यापाऱ्याकडं बघितलं, मगदूमकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. मुलगा बर्फाकडं बघत होता.

मगदूमला तोड नाही. तो म्हणाला, “या आजी, या. तुम्ही बाराला येणार होता ना? असू दे, ह्यांच्याबरोबरच बघून घ्या.” आणि व्यापाऱ्याला हळूच सांगितलं की दुसरी पार्टी आहे.

मला वाटलं, आता आत्या ह्याला फाडून खाणार. आत्या परत उंबऱ्याबाहेर गेल्या. त्यांच्या चपला नेहमी दाराच्या डावीकडच्या कोनाड्यात असायच्या. त्या दिवशी त्यांनी त्या पाहुण्यांसारख्या पायरीवर काढल्या, तोंड फाटकाकडं करून. मग आत येऊन चाचींच्या सोफ्याच्या कडेला बसल्या आणि विचारलं, “मालक कोण?”

“मी,” हणमंतराव म्हणाले.

“किती माणसं राहता?”

हणमंतरावांनी मगदूमकडं बघितलं. मगदूमनं दोन बोटं दाखवली.

“दोघं,” हणमंतराव म्हणाले. “नवरा-बायको.”

“बरंय,” आत्या म्हणाल्या. “दोघांना पुरतंय.”

मी गॅलरीत होते आणि तिथंच बरी होते. आत्या उठल्या, सगळं घर फिरल्या. न्हाणीच्या दाराला कडी वर उचलून ढकलावी लागते, ती त्यांनी उचलून ढकलली. नळ सोडून बघितला. व्यापाऱ्याच्या बायकोला म्हणाल्या की ओट्याची उंची चांगली आहे, कंबर धरत नाही, मात्र उन्हाळ्यात दुपारी इथं उभं राहवत नाही. मगदूमचा चेहरा पडला. पण त्या बाईला ते ऐकून हायसं वाटल्यासारखं दिसलं. मग आत्या मधल्या खोलीत आल्या.

“माझी एक कॉट आहे,” त्या म्हणाल्या. “लोखंडी आहे, जड आहे. ती कुठं बसंल?”

त्या जिथं उभ्या होत्या तिथंच कॉट होती. हणमंतरावांनी कॉटकडं बघितलं, आईकडं बघितलं. व्यापारी आणि बायको थांबले होते.

“इथं बसेल की,” ते म्हणाले. “ही आहे तिथंच.”

“बसंल?”

“आरामात.”

“ऊन?”

“सकाळी दहापर्यंत येतं. पायांवर येतं.” त्यांनी कॉटच्या पायथ्याकडं बोट केलं. “थंडीत बरं वाटतं तुम्हाला. म्हणजे, कुणालाही.”

“मग चांगलंय,” आत्या म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या. चाचींकडं जाऊन बसल्या असाव्यात, कारण व्यापारी गेल्यावर पंधरा मिनिटांनी परत आल्या. हातपाय धुतले, पोळी वाढून घेतली. पहिला घास घेऊन म्हणाल्या, “मालक माणूस बरा वाटला. पण बोलत फार नाही.”

व्यापाऱ्यानं दुसऱ्या दिवशी आपणहून भाव वाढवला. पुढं त्याचं घराच्या दिशेवरून काहीतरी फिसकटलं, पण मगदूमला गुपित सापडलं होतं. दुसरी पार्टी घरात असली की पहिली पार्टी हलते. तो म्हणाला, इतर एजंट भाड्यानं माणसं आणतात, ती लगेच ओळखू येतात. आजींना कुणी ओळखणार नाही, आजी घर खरंच बघतात.

आणि त्या खरंच बघायच्या. पुढच्या महिन्याभरात आत्यांनी ते घर सात वेळा बघितलं. त्यांच्या अटी होत्या. चालत येणारी पार्टी कोण धरणार, म्हणून रिक्षा पाहिजे. ती मागच्या गल्लीत त्यांना घ्यायची, चौकाला वळसा घालून पुढच्या फाटकाशी आणून सोडायची. चालत पन्नास पावलं. रिक्षावाला दर वेळी विचारायचा, नक्की कुठं जायचंय, आणि त्या सांगायच्या, घर बघायला. प्रत्येक वेळी लुगडं वेगळं. पिशवीत शिवणाची टेप. त्या खिडक्या मोजायच्या, माळा मोजायच्या, आणि मोजलेलं एका जुन्या वहीत लिहायच्या. आणि दर वेळी मधल्या खोलीत येऊन तोच प्रश्न.

“माझी कॉट कुठं बसंल?”

हणमंतराव त्यात सुधारत गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की खिडकी उघडली तर संध्याकाळी वारं येतं, पण डोक्याकडून नाही, त्यामुळं सर्दी होत नाही. तिसऱ्या वेळी सांगितलं, की माठ इथून चार पावलांवर आहे, आणि बाथरूमच्या वाटेत उंबरा नाही. चौथ्या वेळी एका बँकेच्या साहेबांसमोर ते म्हणाले, “इथनं स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू येते. काहींना त्याचा त्रास होतो. काहींना त्याशिवाय झोप लागत नाही.”

“कुणाला झोप लागत नाही?” आत्यांनी विचारलं.

“आमच्या आईला,” हणमंतराव म्हणाले.

बँकेचे साहेब म्हणाले, अरे वा, आई असतात का इथं? मगदूम घाईनं म्हणाला, असायच्या. आत्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी फटीतून बघायची. लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली होती आणि हा माणूस आपल्या आईशी इतकं बोललेला मी बघितला नव्हता. घरात त्यांचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘औषध घेतलंस का’. ह्या खेळात मात्र ते तिला अहो-जाहो करायचे आणि तिच्या पाठीला कुठली बाजू सोसते इथपर्यंत बोलायचे. पार्टी गेली, की दोघं परत गप्प. हणमंतराव सोफा उचलून चाचींकडं नेऊन ठेवायचे आणि आत्या त्याच कॉटवर आडव्या व्हायच्या.

एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या कोल्हापूरच्या फ्लॅटला गॅलरी आहे का गं, हेमा?”

“आहे,” मी म्हटलं. “लहान आहे.”

“केवढी?”

“एक खुर्ची बसेल एवढी.”

त्यांनी मान हलवली. मी चिमटे लावत राहिले. आत्ता, मला वाटलं, आत्ता बोलावं. चिमटे संपले. मी आत जाऊन आणखी आणले आणि लावलेल्या कपड्यांना परत लावले. आत्या म्हणाल्या, “हणमंताचा शर्ट उडून जाणार नाही आता,” आणि आत गेल्या.

हेरवाडे सर आणि त्यांच्या बाई आल्या त्या जयसिंगपूरकडून. दोघंही शाळेत. पहिल्या भेटीतच बाईंना घर आवडलं. त्यांनी ओलीवरचं चित्र बाजूला सारून बघितलं, आणि परत नीट लावून ठेवलं. मला त्या तेव्हाच आवडल्या. आत्याही त्या दिवशी होत्याच. दोघींची ओट्यापाशी पाव तास चर्चा झाली. दुसऱ्या भेटीला, रविवारी सकाळी, सौद्याचा विसार द्यायचं ठरलं. मगदूम म्हणाला, आजींना एकदा शेवटचं आणू या, म्हणजे सरांचा हात मागं जाणार नाही. आणि बाई जरा जुन्या वळणाच्या दिसतात, तेव्हा वहिनींनी ह्या वेळी दिसायला हरकत नाही. चहा करा, पाण्याबद्दल बोलू नका.

विसारासाठी भावजी पुण्याहून आले. त्यांना झालेलं सगळं सांगावं, तर कुठून सुरू करायचं तेच कळेना. हणमंतराव म्हणाले, तू सांग. मी म्हटलं, भाऊ तुमचा. तेवढ्यात हेरवाडे मंडळी आली आणि राहिलंच.

आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. चाचीही होत्या, सोफ्याच्या एका टोकाला. सरांनी पाकीट बाहेर काढून मांडीवर ठेवलं होतं. फाटकापाशी रिक्षा थांबली. आत्या उतरल्या. आज त्यांनी नारळी काठाचं लुगडं नेसलं होतं, जे त्या लग्नाकार्याला नेसायच्या.

भावजी उठले आणि सरळ आईच्या पायावर वाकले.

मगदूमनं डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाला, “हे पुण्याचे मालक. संस्कार बघा सर. आलेल्या पार्टीच्यासुद्धा पाया पडतात.”

“औक्षवंत व्हा,” आत्या म्हणाल्या. “तुम्ही कोण?”

भावजी वाकलेलेच राहिले. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढून नेलं. वहिनी, आईला काय झालंय, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, काही नाही, घर दाखवणं चाललंय. आणि त्यांच्या हातात कपांचा ट्रे दिला.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा सगळे मधल्या खोलीत होते. आत्यांनी टेप सोडून कॉटवर आडवी धरली होती. एक टोक हेरवाडे बाईंच्या हातात होतं.

“माझी कॉट कुठं बसंल?” आत्यांनी विचारलं.

हणमंतरावांनी धाकट्या भावाकडं बघितलं. मग सांगायला लागले. ऊन सांगितलं, वारं सांगितलं, माठ सांगितला, स्टेशन सांगितलं. सांगता सांगता मध्येच म्हणाले की भिंतीकडच्या बाजूला हात धरायला कडी ठोकलेली आहे, पावसाळ्यात गुडघे धरले तर उठताना उपयोगी पडते. भावजी ट्रे धरून उभे होते. त्यांची नजर कॉटच्या चारी पायांवरून फिरली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर खडू होता, शेगडीवरसुद्धा. त्यांनी ट्रे माझ्याकडं दिला, आणि ते खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिले.

“कडी नवीन आहे?” आत्यांनी विचारलं.

“मागच्या आठवड्यात ठोकली,” हणमंतराव म्हणाले.

विकायच्या घरात कडी कोण ठोकतं? मगदूम म्हणाला, “चहा घ्या, चहा.”

चहा झाला. सरांनी पाकिटातले पैसे मगदूमसमोर हणमंतरावांच्या हातात दिले. सही सोमवारी करू, म्हणाले. हेरवाडे बाई पदर सावरत उठल्या. आता संपलंच होतं. पाच मिनिटांत ते फाटकाबाहेर पडले असते, आत्या चाचींकडं गेल्या असत्या, आम्ही सोफा उचलला असता.

“हेमा,” आत्या त्यांच्या जागेवरून म्हणाल्या, “कुंकू लाव गं त्यांना. सवाष्ण बाई तशीच जाती का?”

“हो आत्या,” मी म्हटलं आणि उठले.

दोन पावलं गेल्यावर मला कळलं काय झालं ते. पण पाय थांबले नाहीत. फळीवर करंडा नव्हता. मी फळीसमोर नुसती उभी राहिले.

“तिथं कुठं बघतीस,” आत्यांचा आवाज आला. “तांदळाच्या डब्यात. मामंजींच्या मागं.”

मी झाकण काढलं. मामंजी तांदळातून छातीपर्यंत वर आले होते. त्यांच्या मागं हात घालून करंडा काढला. आणि बाहेर आले. मगदूम आपली पेनं खिशात सरळ करत होता. भावजी खिडकीपासून वळले होते. हणमंतरावांच्या हातात पैसे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

मी बाईंना हळद लावली, कुंकू लावलं. बोटाला चिकटलेला तांदळाचा एक दाणा त्यांच्या कपाळावर राहिला. त्यांनी तो काढला नाही. वाकून मला नमस्कार केला, चाचींना केला, मग आत्यांपुढं जाऊन केला आणि तिथंच त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या.

“आजी,” त्यांनी विचारलं, “तुम्ही राहता कुठं?”

आत्यांनी टेपची गुंडाळी पुरी केली. ती पिशवीत टाकली. एकदा मोठ्या मुलाकडं बघितलं, एकदा धाकट्याकडं, आणि एकदा माझ्याकडं, करंडा हातात घेऊन उभी होते तशी.

“सध्या इथंच,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घर घेतल्यावर कुठं राहायचं, ते अजून मला कुणी सांगितलं नाही.”